‘नातिचरामि’तील तिसरा शब्द

(जळोची, ता. बारामती येथे दांपत्य मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



कन्यादानाच्या वेळी वधूपिता वराकडून एक वचन घेतो. धर्म, अर्थ आणि काम या तिन्ही बाबतींत माझ्या मुलीला डावलून वागू नकोस, असे तो सांगतो आणि वर ‘नातिचरामि’ म्हणून होकार देतो. कार्यालयात त्या घटकेला फोटोंची आणि पंगतीची घाई चाललेली असते. त्यामुळे आपण कशाला होकार दिला, हे वरालाही पुष्कळदा उमगत नाही.

या तीन शब्दांपैकी पहिल्या दोघांची काळजी सारे घर वाहते. देवधर्म, कुळाचार, सणवार सासूबाई सांगतात. पगार, ऊसबिल, सोसायटीचे कर्ज यांचा हिशेब वडीलधारे विचारतात. तिसऱ्या शब्दाविषयी मात्र कोणीच काही बोलत नाही. तो शब्द नवदांपत्याच्या खोलीत ढकलून दार लोटून घेतले जाते आणि वर्षभराने एकच प्रश्न विचारला जातो, “पाळणा कधी हलणार?”

मधल्या वर्षात त्या दाराआड काय घडले, हे ठाऊक नसते. बहुतेक घरांत सारे ठीकच चालते. काही घरांत तसे नसते. पतीला आपल्यात काही उणे आहे अशी धास्ती बसलेली असते. पत्नीला वेदना होतात, पण ‘सगळ्यांनाच होतात’ अशी तिची समजूत करून दिलेली असते. विवाहाला दोन-तीन वर्षे होऊनही शरीरसंबंध आलेलाच नाही, अशी जोडपी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे येतात, ती मूल होत नाही ही तक्रार घेऊन. खरी अडचण चौथ्या-पाचव्या भेटीत बाहेर पडते. तोवर घरात तिच्या नावापुढे नको ते विशेषण लागलेले असते आणि अंगारे-धुपारे, नवससायास सुरू झालेले असतात.

जळोचीसारख्या गावात हा विषय निघतो, याचे कोणी आश्चर्य मानू नये. एकेकाळचे हे शेतकरी गाव आज बारामती शहरात मिसळले आहे. उपबाजारात पहाटेपासून गाड्या लागतात, औद्योगिक वसाहतीत तीन पाळ्यांत यंत्रे चालतात. रात्रपाळी करून पती सकाळी घरी येतो, तेव्हा पत्नी शाळेत किंवा कामावर निघालेली असते. कोणाचा मुलगा पुण्यात नोकरीला आणि सून इथे, भेट शनिवार-रविवारची. कोणी सीमेवर. दोन खोल्यांच्या घरात तीन पिढ्या. प्रेम आटलेले नसते, पण त्याला वेळही मिळत नाही आणि जागाही. अशा वेळी उद्भवलेली साधी अडचण वेळेवर बोलली गेली नाही, की तिचा अबोला होतो. अबोल्याचा संशय होतो, आणि संशयाचे पुढे काय होते हे कोर्टाच्या पायऱ्या चढलेल्यांना विचारावे.

परंपरेने टाळलेला विषय नव्हे

हा विषय आपल्या संस्कृतीत बसत नाही, असे म्हणणाऱ्यांनी आपली संस्कृती पुन्हा एकदा पाहावी. चार पुरुषार्थांत कामाला स्थान आहे. गीतेच्या सातव्या अध्यायात भगवंत, धर्माला न सोडणारा काम म्हणजे मीच, अशा अर्थाचे सांगतात. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी वाजीकरण हे एक अंग आहे. वात्स्यायनाच्या ग्रंथाचे नाव घेताच भुवया उंचावतात, पण त्यातील नववधूचा विश्वास संपादन करण्याविषयीचे प्रकरण फार थोड्यांनी वाचलेले असते. विवाहानंतरच्या तीन रात्री पतीने संयम पाळावा, मग बोलण्यातून, हळुवारपणातून तिचा विश्वास मिळवावा आणि बळजोरी कदापि करू नये, कारण त्यामुळे तिच्या मनात कायमचा तिटकारा बसतो, असा त्या प्रकरणाचा आशय आहे. गृह्यसूत्रांतही विवाहानंतर तीन रात्रींचे व्रत सांगितले आहे.

मग हे मौन आले कोठून? व्हिक्टोरियन इंग्रजांच्या सोवळेपणाचा वाटा त्यात आहेच. पण सगळे खापर इंग्रजांच्या माथी मारून भागणार नाही. ते गेल्यालाही पाऊणशेहून अधिक वर्षे लोटली, आणि या मौनाची राखण आपणच करीत आलो आहोत.

प्रा. कर्वे आणि वाचकांचे प्रश्न

महाराष्ट्रात हे मौन मोडण्याचा पहिला मोठा प्रयत्न एका गणिताच्या प्राध्यापकाने केला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ज्येष्ठ चिरंजीव रघुनाथ यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र सुरू झाले होते. म्हणजे या बाबतीत मुंबई लंडनच्या मागे नव्हती. या कार्यापायी रघुनाथरावांना प्राध्यापकी सोडावी लागली. पत्नी मालतीबाई त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. १९२७ च्या जुलैत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले आणि १९५३ मध्ये देह ठेवीपर्यंत ते चालवले.

कर्व्यांची सगळी मते येथे बसलेल्यांना पटतील असे नाही. ते कडवे बुद्धिवादी होते आणि विवाहसंस्थेविषयीची त्यांची काही मते आपल्या विचारांच्या थेट विरोधात जाणारी होती. तरीही त्यांच्या मासिकातील एक गोष्ट आज लक्षात घ्यावी अशी आहे. वाचक त्यांना पत्रे पाठवून प्रश्न विचारीत. जे वडिलांना, मित्राला किंवा डॉक्टरला विचारता येत नसे, ते अनोळखी संपादकाला विचारीत. या प्रश्नोत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. १९३४ मध्ये त्यांची बाजू मांडण्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लोकांनी शंका विचारल्या तर त्यांना उत्तर द्यायचे नाही काय, हा युक्तिवादाचा गाभा होता. खटला कर्वे हरले आणि त्यांना २०० रुपये दंड झाला. पण प्रश्न विचारणारे काही त्या दंडाने गप्प झाले नाहीत. पुढे डॉ. विठ्ठल प्रभू यांच्या ‘निरामय कामजीवन’च्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रकाश कोठारी यांनी या विषयाचा स्वतंत्र विभाग उभा केला. डॉ. महिंदर वत्स यांनी तर वयाची ऐंशी ओलांडल्यावर, २००५ मध्ये, मुंबईच्या एका दैनिकात प्रश्नोत्तरांचे सदर सुरू केले. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. या मंडळींच्या टपालात ग्राहक कमी पडले, असे कधी झाले नाही. लोकांना विचारायचे असतेच. कोणाला विचारावे, एवढेच त्यांना ठाऊक नसते.

उपचार म्हणजे नेमके काय?

‘उपचार’ म्हटले की लोक घाबरतात. तेथे काय होते, हे म्हणून स्पष्ट सांगणे आवश्यक आहे.

अमेरिकेतील सेंट लुईस येथे विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन यांनी या उपचारांची आधुनिक पद्धत घालून दिली. १९७० मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांचे मुख्य सूत्र असे, की रुग्ण पती नसतो आणि पत्नीही नसते. रुग्ण असते ते त्यांचे नाते, म्हणून उपचार दोघांवर एकत्र करायचे. पश्चिमेकडून आलेली ही गोष्ट आपल्या ‘सहधर्मचारिणी’च्या कल्पनेला किती जवळची आहे, हे वेगळे सांगायला नको.

पहिल्या भेटीत तज्ज्ञ दोघांशी एकत्र आणि स्वतंत्र बोलतात. शारीरिक तपासणी होते, साखर, रक्तदाब, गरजेप्रमाणे संप्रेरके तपासली जातात. कारण पुष्कळदा दुखणे शरीराचे असते. मधुमेहात नसा आणि रक्तवाहिन्यांना इजा होऊन ताठरता कमी होते. काही वेळा ही तक्रार हृदयविकाराची आगाऊ सूचना असते, कारण तेथील रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात. रक्तदाबाच्या आणि नैराश्यावरील काही औषधांचाही परिणाम होतो. अशा वेळी औषध स्वतः बंद करायचे नसते, डॉक्टरांकडून बदलून घ्यायचे असते. बाळंतपणानंतर आणि रजोनिवृत्तीच्या काळात स्त्रीच्या शरीरात कोरडेपणा येतो, त्यालाही साधे उपाय आहेत. काही नवविवाहितांच्या बाबतीत भीतीने योनिमार्गाचे स्नायू आपोआप आवळले जातात. तो तिचा हट्ट नसतो की नावड नसते. पतीच्या साथीने, सावकाश करावयाच्या व्यायामांनी बहुतेकींना त्यातून बाहेर पडता येते.

शरीरात दोष नसेल, तर तज्ज्ञ जोडप्याला घरी करावयाचा अभ्यास देतात. पहिले काही दिवस समागम पूर्ण वर्ज्य. त्या काळात केवळ सहवास, स्पर्श आणि बोलणे. ‘जमेल की नाही’ ही परीक्षा उठली, की भीती ओसरते आणि जवळीक परतते. वात्स्यायनाच्या तीन रात्री आणि सेंट लुईसचा हा नियम यांत किती शतकांचे अंतर आहे! दोन्हींचे मर्म एकच: आधी विश्वास, मग देह.

एक गोष्ट मातृवर्गाने विशेष लक्षात ठेवावी. खरा तज्ज्ञ वैद्यकीय तपासणीपलीकडे स्पर्श करीत नाही. स्त्रीची तपासणी परिचारिकेच्या किंवा तिच्या विश्वासातील व्यक्तीच्या उपस्थितीत होते. याहून वेगळे कोणी सुचवले, तर तेथून तत्काळ उठावे.

तंबू आणि भिंती

लाजेचा फायदा घेणारे फार. एस. टी. स्थानकाजवळच्या भिंती आणि रस्त्याकडेचे तंबू ‘खात्रीशीर इलाज’ म्हणून ओरडत असतात. १९५४ च्या औषध व जादूटोणासदृश उपाय जाहिरातविरोधी कायद्याने कामशक्ती वाढवण्याच्या अशा जाहिरातींना बंदी आहे. भिंत रंगवणाऱ्याला कायद्याचे भय नसते, कारण फसलेला माणूस तक्रार करायला येणार नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते.

‘धातू जाते’ या भयाने खचलेले तरुण तर गावोगाव आहेत. मनोविकारतज्ज्ञ डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये या भयालाच विकाराचे नाव दिले. वीर्य गेल्याने शक्ती जात नाही, भीतीने जाते. औषधाच्या दुकानातून परस्पर गोळी आणून घेणाऱ्यांनी हेही जाणावे, की हृदयरोगावरील नायट्रेट गटाच्या औषधांसोबत ती घेतली तर रक्तदाब एकदम कोसळून प्राणावर बेतू शकते.

नाते सावरणे आणि सोसणे

घर टिकले पाहिजे, ही आपली श्रद्धा आहे. पण टिकवणे म्हणजे सोसणे नव्हे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने लैंगिक छळ ही हिंसा मानली आहे. जेथे मारहाण आहे, बळजोरी आहे, तेथे दोघांना एकत्र बसवून समुपदेशन करण्याआधी तिची सुरक्षितता पाहिली पाहिजे. ‘नातिचरामि’ हे वचन पतीने दिलेले आहे, ते मोडून पत्नीने निभावून न्यावे असा अर्थ कोणत्याही शास्त्रातून निघत नाही.

दुसऱ्या बाजूने, वैवाहिक असमर्थता लपवून लग्न लावणाऱ्यांनीही कायदा पाहावा. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानुसार, असमर्थतेमुळे शरीरसंबंध आलाच नसेल तर विवाह रद्द ठरवता येतो. ‘लग्न झाले की सुधारेल’ हा सल्ला दोन आयुष्ये पणाला लावतो. आणि प्रकरण न्यायालयात गेलेच, तरी १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने न्यायाधीशांवरच आधी समेटाचा प्रयत्न करण्याचे कर्तव्य टाकले आहे, त्यासाठी समुपदेशकांची तरतूद केली आहे. जे समुपदेशन खटला दाखल झाल्यावर मिळते, ते दहा वर्षे आधी का घेऊ नये?

घराचे आणि कार्यकर्त्याचे काम

सासू-सासऱ्यांनी दोनच पथ्ये पाळावीत. नवदांपत्याला दार लावून घेता येईल अशी जागा आणि सवड द्यावी, आणि पाळण्याचा प्रश्न विचारू नये. मूल होत नसेल तर सुनेआधी, निदान तिच्याबरोबर, मुलाची तपासणी करावी. त्याची तपासणी अधिक सोपी असते.

कार्यकर्त्याचे घरोघर जाणे असते, लोक त्याच्यापाशी मन मोकळे करतात. त्याने या विषयात स्वतः वैद्य होऊ नये. ऐकून घ्यावे, योग्य दार दाखवावे आणि ऐकलेले पोटात ठेवावे. दारे फार दूर नाहीत. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तेथील स्त्रीरोग किंवा मनोविकार विभागात केसपेपर काढून प्रारंभ करता येतो. मनाचा ताण असह्य झाला तर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक मराठीतही ऐकून घेतो, आणि तेथे नाव सांगण्याची सक्ती नाही.

आजोबांचा मोतीबिंदू, आईचे गुडघे, बैलाचा खूर यांसाठी आपण नीरा डाव्या कालव्याच्या काठावरून पुण्यापर्यंत धाव घेतो. मंडपात अग्नीच्या साक्षीने दिलेल्या वचनासाठी दोघांनी एक दिवस रजा काढून डॉक्टरांकडे जाणे, यात लाजण्यासारखे काही नाही. पतीने म्हणावे, “आपण दोघे जाऊ.” ‘तू जाऊन ये’ असे त्याने म्हणू नये. उपचाराची सुरुवात त्या एका शब्दाने होते, आणि अर्धे काम त्यातच झालेले असते.