आधी कान, मग जीभ
(उरवडे येथे मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझा नातू चार वर्षांचा झाला तरी 'कावळा'ला 'तावळा' म्हणे. आम्ही सारी कौतुकाने त्याला तेच पुनःपुन्हा म्हणायला लावीत असू. मीच त्यात पुढे! मग शेजारची मुले चिडवू लागली, तसा तो बोलेनासाच झाला. तेव्हा मी त्याच्या जिभेला वेखंड उगाळून लावले. (काही जणी मधातून देतात, वर्षाच्या आतल्या मुलाला मध मुळीच देऊ नये, हे जाता जाता सांगते.)

जीभ बिचारी निर्दोष होती. पुण्यात कानाच्या डॉक्टरांनी तपासले, तेव्हा कळले की वारंवारच्या सर्दीने कानाच्या पडद्यामागे पाणी साठले आहे. हाक मारली की तो 'ओ' देई, म्हणून आम्हाला संशयच आला नाही. पण हाक ऐकू येणे निराळे, आणि 'क' व 'त' यांतला फरक कळणे निराळे.

औषधपाण्याने कान बरा झाला, तरी 'तावळा' काही जाईना. मग वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी एक खेळ सांगितला. खेळण्यातली कार आणि तारेचा तुकडा मुलापुढे ठेवावा. पदराने आपले तोंड झाकावे, नाहीतर मूल तोंडाकडे पाहून ओळखते. मग 'कार दे', 'तार दे' असे उलटसुलट मागावे. आमचे चिरंजीव निम्म्या वेळा चुकत! ज्याला फरकच कळत नाही, त्याला "क म्हण, क म्हण" म्हणून दामटण्यात काय अर्थ? आधी महिनाभर नुसते ऐकणे, बोलायची सक्ती नाही.

सगळीच मुले अशी नसतात. अमेरिकेत जीन बर्को व रॉजर ब्राउन यांनी 1960 साली एका मुलाची हकीकत लिहिली. तो खेळण्यातल्या माशाला 'फिश'ऐवजी 'फिस' म्हणे. पण मोठ्यांनी 'फिस' म्हटले की नाकबूल करी! त्याला फरक ऐकू येत होता, तोंडातून निघत नव्हता. बोबडेपण वरून सारखेच, पण शिकवण्याची रीत वेगळी.

2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीतली मुले तपासते. त्या दिवशी आईने स्वतः हजर राहून ऐकण्या-बोलण्याबद्दल सांगावे. तान्ह्या बाळाचेही कान तपासता येतात. बोलू लागेपर्यंत थांबायचे कारण नाही.

आमच्या अंगणात आता कावळाच येतो. 'र'चा मात्र अजून 'ल' होतो; तो पुष्कळ मुलांना उशिराच साधतो, म्हणून मी घाई करीत नाही.