गरोदर बाई गप्प झाली, तर विचारा
(दिघी येथे ग्रामसंघाच्या मासिक सभेतील भाषण)



गरोदर बाईला आपण विचारतो, 'जेवलीस का? गोळ्या घेतल्यास का?' पण 'झोप लागते का गं? कसली काळजी आहे?' हे कोण विचारतं? ती रडली की म्हणतो, 'आम्ही नाही का काढलं?'

थोडीफार काळजी सगळ्यांनाच असते, तिने काही बिघडत नाही. पण ताण महिनोन्‌महिने राहिला की झोप उडते, जेवण जात नाही, रक्तदाब वाढू शकतो. बाळ ३७ आठवड्यांआधी जन्मण्याचा किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं होण्याचा धोका वाढतो.

३ जून २०२० चं निसर्ग वादळ आठवा. लॉकडाऊन, उडालेले पत्रे, आडव्या झालेल्या वाड्या, कित्येक दिवस वीज नाही. कॅनडात १९९८ साली असंच बर्फाचं वादळ झालं. तेव्हा गरोदर असलेल्या बायांची मुलं संशोधकांनी अनेक वर्षं तपासली. आईचे हाल जास्त झाले, तिथे मुलांच्या बोलण्यावर, वाढीवर परिणाम दिसला. सगळ्याच मुलांवर नाही. आणि यात आईचा काय दोष? वादळ काही तिने आणलं नव्हतं.

आपल्याकडची वादळं घरातली. जून-जुलैत मासेमारी बंद, हातात पैसा नाही. नवऱ्याचं पिणं. 'मुलगाच हवा' हा घोषा. मुलगा की मुलगी हे बापाच्या बीजावरून ठरतं, हे घरी ठणकावून सांगा.

आणि आपल्या गटाचा हप्ता? तोही ताणच. म्हणून ठराव मांडते: सातव्या महिन्यापासून बाळ तीन महिन्यांचं होईपर्यंत गटातल्या अंतर्गत कर्जाचा हप्ता पुढे ढकलावा, दंड लावू नये. शेजारच्या दोघींनी तिचं पाणी भरावं.

दोन आठवडे ती उदास असेल, कशातच मन लागत नसेल, तर आशाताईला सांगा. दर महिन्याच्या ९ तारखेच्या गरोदर मातांच्या तपासणीत डॉक्टरांशी बोला. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. डोकं फार दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तोंड सुजलं तर तडक दवाखान्यात. 'मरावंसं वाटतं' म्हणाली तर तिला एकटी सोडू नका, त्याच दिवशी न्या.

'टेन्शन घेऊ नको' म्हणून ताण जात नाही. तिचं ओझं आपण थोडं उचललं तर कमी होतो. ठराव मंजूर असेल तर हात वर करा.