चार फुटांची होडी, सात घोडे



मालवणच्या दांडी, मेढा, सर्जेकोट, देवबाग या पट्ट्यात राहणाऱ्याला होडीबद्दल सांगायला जाणं म्हणजे धाडसच. पण आज ज्या होडीबद्दल बोलणार आहे, तिच्यात माणूस बसत नाही, जाळं मावत नाही आणि बांगडा तर मुळीच येत नाही. लांबी चार फूट, वजन सात-आठ किलो. आत विजेची मोटर आणि बॅटऱ्या, काठावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात रेडिओचा रिमोट. नीट जमलेली होडी सपाट पाण्यावर ताशी ऐंशी-नव्वद किलोमीटर वेगाने पळते.

अमेरिकेत आणि युरोपात या होड्यांच्या रीतसर शर्यती होतात. किती सेलची बॅटरी लावायची यावरून वर्ग ठरतात. अमेरिकेतल्या टी वर्गात दहा सेलपर्यंत मुभा असते. आपल्याकडे या छंदाच्या सर्वांत जवळचा प्रकार म्हणजे एनसीसीच्या नौदल विभागातलं जहाजांच्या प्रतिकृती बनवण्याचं शिक्षण. रत्नागिरीला २ महाराष्ट्र नेव्हल युनिट आहे. अखिल भारतीय नौसैनिक शिबिरात वल्ही मारणं, शीड हाकणं यांच्याबरोबर प्रतिकृती बांधण्याचीही स्पर्धा असते. तिथे भर असतो तो हुबेहूबपणावर. युद्धनौकेचा नांगर, तोफ, कठडा, सगळं मापात. शर्यतीच्या होडीला या नखऱ्यांचं काही पडलेलं नसतं, पण हातांना लागणारं वळण तेच.

रेडिओवर बोलतोय म्हणून सांगतो, ही होडी आपल्या रेडिओपेक्षा वयाने मोठी आहे. मुंबईचं प्रक्षेपण केंद्र सुरू झालं २३ जुलै १९२७ रोजी. निकोला टेस्लाने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या हौदात बिनतारी हुकमावर वळणारी होडी लोकांना दाखवली ती १८९८ साली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला तिचं पेटंट मिळालं. ती होडीसुद्धा बॅटरीवर आणि विजेच्या मोटरवरच चालणारी होती. पेट्रोलची छोटी इंजिनं या छंदात नंतर आली, बरीच वर्षं मिरवली, आणि लिथियम बॅटरी आल्यावर गाडी पुन्हा टेस्लाच्या वाटेला लागली.

आता मुद्द्याचं. होडी वेगात हवी म्हटलं की नवशिक्याला एकच सुचतं: मोठी मोटर. माझं म्हणणं असं की मोटर ही शेवटी विचारात घ्यायची गोष्ट. आधी विचारायचं, उष्णता कुठे जाणार?

हिशेब मांडून बघू. लिथियम पॉलिमरचा एक सेल सरासरी ३.७ व्होल्टचा, पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टचा. असे दहा एकापुढे एक जोडले की ३७ व्होल्ट. भर वेगात मोटर दीडशे अँपिअर ओढते. ओझ्याखाली व्होल्टेज थोडं पडतं, ते वजा करूनही पाच हजार वॅटच्या वर शक्ती होते, म्हणजे जवळजवळ सात अश्वशक्ती. आपल्याकडे लहान होडीच्या मागे ९.९ ची मशीन लावून माणसं समुद्रात जातात, हे लक्षात घ्या. यातली पंधरा टक्के शक्ती मोटर, तिचा कंट्रोलर म्हणजे ईएससी, आणि तारा मिळून उष्णतेत घालवतात असं धरलं, तर झाले साडेसातशे वॅट. घरातली साडेसातशे वॅटची इस्त्री चालू करून डब्यात ठेवावी आणि वर झाकण टेपने बंद करावं, तशी ही स्थिती. झाकण टेपने बंद करावंच लागतं, कारण उघडं ठेवलं तर पाणी आत.

म्हणून व्होल्ट वाढवायचे आणि अँपिअर कमी करायचे. पाच सेलवर पाच हजार वॅट हवे असतील तर पावणेतीनशे अँपिअर लागतील. दहा सेलवर त्याच्या निम्मे. आणि तारेत वाया जाणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून करंट निम्मा झाला की ती चौथाईवर येते. लांबच्या गावाला वीज उच्च दाबाच्या वाहिनीतून का नेतात, त्याचं कारण हेच. मोटर निवडताना मग दर व्होल्टमागे कमी फेरे घेणारी निवडायची. दहा सेलला साधारण आठशे फेऱ्यांची मोटर चालते: ३७ गुणिले ८००, म्हणजे मिनिटाला तीस हजारांच्या जरा खाली. पाण्यात ओझं पडल्यावर सव्वीस हजार धरा. पंखा ४८ मिलिमीटर व्यासाचा आणि त्याचा पेच व्यासाच्या १.४ पट असेल तर एका फेऱ्यात तो ६७ मिलिमीटर पुढे जायला बघतो. गुणाकार केला की ताशी १०५ किलोमीटर येतात. पाण्यात पंखा घसरतो, त्यात पंधरा-वीस टक्के गेले. उरलेला तो तुमचा वेग. कागदावर हा गुणाकार न करता पंखा विकत घेणाऱ्याने पैशाची थैली सैल ठेवावी.

थंड करायला पाणी होडीच्या खालूनच घेतात. सुकाणूच्या पात्याला पुढच्या बाजूने बारीक भोक असतं. होडी पळू लागली की पाणी आपसूक त्यात घुसतं, रबरी नळीने ईएससीत आणि मोटरच्या जॅकेटमध्ये फिरतं आणि बाजूच्या भोकातून चुळकी मारत बाहेर पडतं. ही चुळकी दिसत नसेल तर होडी परत आणायची, मग शर्यत असो की सराव. भोकात शेवाळाचा एक धागा अडकला तरी अर्ध्या मिनिटात ईएससी जळते.

बॅटरी दोन मिनिटांची. हो, दोनच. पाच हजार मिलीअँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे पाच अँपिअर एक तास. दीडशे अँपिअरने ओढली की दोन मिनिटांत रिकामी. आणि रिकामी करायची नसतेच, वीस टक्के शिल्लक ठेवायची, नाहीतर सेल फुगतात. शर्यतीत वळणावर हात सैल सुटतो म्हणून जरा जास्त निभावते. बॅटरी किती जोरात ओढता येईल ते सांगणारे वेष्टनावरचे ‘सी’चे आकडे मोठे छापलेले असतात, ते मी निम्मेच धरतो. भरलेल्या बॅटऱ्या तशाच आठवडाभर ठेवायच्या नाहीत, सेलमागे ३.८ व्होल्टवर आणून ठेवायच्या. चार्जिंग अंगणात, जवळ कोरड्या वाळूची बादली. वाळू नदीची, सुकवलेली. किनाऱ्यावरची खारट ओली वाळू वीज वाहून नेते. आणि बॅटरी जोडताना ठिणगी उडते. ४२ व्होल्टवर ती चांगलीच दणक्याची असते, पिना काळ्या पडतात. त्यासाठी ठिणगीरोधक जोडणी मिळते, ती घ्या.

आता होडीचा तळ उलटा करून बघा, कारण खरी गंमत मागच्या टोकाला आहे. मोटरपासून पंख्यापर्यंत पोलादी तारा पिळून केलेला लवचीक शाफ्ट जातो, सव्वासहा मिलिमीटर जाड, पितळी नळीतून, ग्रीस भरून. मागे स्ट्रट नावाचा आधार, त्यात बुश, मग पंखा पकडणारा चावा. स्ट्रट आणि चाव्यामध्ये तीन-चार मिलिमीटर फट मुद्दाम सोडतात. बघणाऱ्याला ते कच्चं काम वाटतं. पण मोटरने जोर लावला की शाफ्टच्या तारा आणखी आवळल्या जातात आणि शाफ्ट आखूड होतो. फट ठेवली नाही तर चावा बुशवर दाबून बसतो, बुश तापतो आणि करंट चढतो. बाहेरच्या थराच्या तारा ठरावीक दिशेने पिळलेल्या असल्यामुळे मोटर उलटी फिरवली तर पीळ सुटतो. म्हणून शर्यतीच्या होडीला रिव्हर्स नसतो.

एका सकाळी खाडीच्या काठावर ही फट मोजत बसलो होतो. एक म्हातारे तांडेल बराच वेळ बघत होते. त्यांनी होडी उचलून सगळीकडून फिरवून पाहिली आणि विचारलं, ‘‘हेचां इंजिन खंय आसा रे?’’ मुठीएवढी मोटर दाखवली तर त्यांचा विश्वास बसेना. होडी एक चक्कर मारून आली तेव्हा ते वेगाबद्दल काहीच बोलले नाहीत. म्हणाले, ‘‘पंखो अर्धो भायर ऱ्हवता मरे!’’ अचूक पकडलं त्यांनी. या होड्यांचा पंखा अर्धा पाण्यात आणि अर्धा हवेत फिरतो. पूर्ण बुडवला तर स्ट्रट आणि चावाही पाण्यात ओढत न्यावे लागतात आणि वेग तिथेच मरतो.

पंखे बऱ्याचदा बेरिलियम-तांब्याचे असतात आणि धार काढून, तोल साधूनच लावावे लागतात. बेरिलियमची धूळ फुफ्फुसाला विषारी आहे. कानस मारायची ती पाण्याखाली, तोंडाला मास्क बांधून, आणि मुलांना जवळ न घेता.

सांगाडा मात्र आपल्याच जिल्ह्यात होऊ शकतो, आणि व्हावा. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० साली २० वरून ६० टक्के झालं, २०२३ साली ७० टक्के. तयार होडी मागवणं म्हणजे निम्मे पैसे सरकारजमा. उलट इथे फायबरच्या होड्या बांधणारे आहेत, लेथवर बुश कातून देणारे आहेत आणि सावंतवाडीत पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाला पिढ्यान्‌पिढ्या आकार देणारे हात आहेत. साच्यासाठीचा पहिला लाकडी नमुना त्यांच्याकडून जसा उतरेल तसा मशीनवरही उतरणार नाही, असं मला वाटतं. फक्त फायबरच्या कारागिराला आधीच सांगावं लागतं: मॅट नको, विणलेलं कापड घ्या, पॉलिएस्टर नको, इपॉक्सी घ्या, आणि रेझिन पिळून काढा. मोठ्या होडीला जाडी हवी असते, तिथे हात सढळ असतो. इथे शंभर ग्रॅम जादा रेझिनसुद्धा महाग पडतं. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात, कारागीर मोकळे असतात, म्हणून हे काम तेव्हाच काढावंसं वाटतं. पण दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो पाण्याने धुऊन, पॉलिश पेपर मारल्याशिवाय दुसरा हात दिला तर पापुद्रा सुटतो.

वजनाचा तोल मागच्या टोकापासून लांबीच्या साधारण तीस टक्क्यांवर यावा. पुढे गेला तर नाळ पाण्यात खुपसते, मागे गेला तर होडी वाऱ्यावर उठून पाठीवर पडते. उलटली तरी बुडू नये म्हणून आत फोम कोंबायचा. आणि कार्बनच्या कापडाचा सांगाडा केला असेल तर रिसीव्हरची अँटेना बारीक नळीतून डेकच्या वर काढायची. रिमोटच्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी कार्बन अडवतं आणि पाणी शोषून घेतं. आपल्याकडे हा पट्टा कमी शक्तीच्या साधनांना विनापरवाना खुला आहे, ती चिंता नाही.

मीठ हा आपला स्थानिक शत्रू. परदेशातल्या बहुतेक शर्यती गोड्या तळ्यांवर होतात, त्यामुळे तिकडच्या सल्ल्यात खाऱ्या पाण्याचा धडा तोकडा असतो. इथे प्रत्येक धावेनंतर थंड करणाऱ्या पाण्याच्या नळीतून गोडं पाणी सोडायचं, शाफ्ट बाहेर ओढून पुसायचा, नवं ग्रीस भरायचं. संध्याकाळवर टाकलं की सकाळी शाफ्टवर तांबडा गंज. बॅटरीत खारं पाणी शिरलं असेल तर ती पुन्हा वापरायची नाही, कितीही जीव तुटला तरी. सुकलेली दिसते आणि दोन दिवसांनी पेटते.

राहिला प्रश्न जागेचा. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र डोळ्यांपुढे येईल, पण तिथे नको. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ सालापासून आहे, शिवाय पर्यटकांच्या होड्या, स्नॉर्केलिंग करणारी माणसं, जाळी. आठ किलोची होडी ताशी नव्वदने येते तेव्हा तिच्यातला जोर तेवढंच वजन दहा मजल्यांवरून पडावं इतका असतो. पोहणारं माणूस दिसत असेल तर होडी पाण्यात घालायचीच नाही. धामापूरचा तलाव सपाट आहे खरा, पण १५३० सालच्या त्या तळ्यावर भगवतीच्या दारात तीस हजार फेऱ्यांचा कर्कश आवाज करावा असं मला वाटत नाही. त्यापेक्षा खाडीचा आत शिरलेला, वर्दळ नसलेला फाटा बघावा, भरती टेकताना, सकाळी वारा उठायच्या आत. गावात विचारावं, बंद पडलेली होडी आणायला एक होडी आणि वल्हवणारा माणूस ठरवून ठेवावा.

पाण्यात सोडण्याआधी काठावरच एक परीक्षा घ्यायची. आधी रिमोट चालू करायचा, मग होडीची बॅटरी जोडायची. एकाने होडी घट्ट धरायची, पंख्यापासून हात लांब. मोटर हळू फिरवायची आणि रिमोट बंद करायचा. मोटर तत्क्षणी थांबली तर फेलसेफ, म्हणजे रिमोटचा संपर्क तुटला की मोटर थांबवणारी सोय, बरोबर लागला आहे. थांबली नाही तर त्या दिवशी होडी घरी न्यायची. परत आणल्यावर क्रम उलटा: आधी बॅटरी काढायची, रिमोट सगळ्यांत शेवटी बंद करायचा.