लेखन ठेवावे कोठे? : वैयक्तिक ब्लॉगसाठी जागेची निवड

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)



तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. दुसऱ्या सरफोजीराजांच्या कारकिर्दीत, १८०३ साली, हा शिलालेख सिद्ध झाला. तमिळ मुलुखात मराठी अक्षर दोनशेहून अधिक वर्षे टिकले, याचे श्रेय मजकुराइतकेच तो ज्या जागी ठेवला गेला त्या जागेलाही आहे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला लेखनाच्या जागेचा प्रश्न विशेष जिव्हाळ्याचा वाटतो. कारण त्याच्या अवतीभवती मराठी वृत्तपत्र, मराठी प्रकाशक किंवा मराठी ग्रंथालय असतेच असे नाही.

आज ही उणीव काही अंशी ब्लॉगने भरून काढली आहे. या शाळेच्या पहिल्या तुकड्यांतील विद्यार्थी आता निवृत्त झाले आहेत. परप्रांतात गणेशोत्सवाची पहिली वर्गणी कशी जमली, घरची मराठी आणि बाजारातली भाषा यांची सरमिसळ कशी होत गेली, आजीच्या ओव्या कोणत्या पिढीपाशी थांबल्या, हे सारे त्यांच्या आठवणीत आहे. कोणत्याही सरकारी दप्तरात ते नोंदलेले नाही. त्यांपैकी अनेकांना ते लिहून ठेवावेसे वाटते. लिहायला बसल्यावर पहिला प्रश्न येतो तो असा : ब्लॉग कोठे सुरू करावा? बहुधा फुकट काय आहे, दिसायला सुंदर काय आहे आणि शेजारी कोणते वापरतो, यांवरून निर्णय होतो. हे निकष चुकीचे नाहीत. पण ते दुय्यम आहेत. येथे ठेवलेले लेखन उद्या सुखरूप बाहेर नेता येईल काय, हा प्रश्न सर्वांत आधी विचारला पाहिजे.

या सावधगिरीला कारण आहे. जिओसिटीज हे १९९४ साली सुरू झालेले संकेतस्थळ लाखो सामान्य माणसांच्या वैयक्तिक पानांचे माहेरघर होते. याहूने १९९९ साली ते विकत घेतले आणि २००९ च्या ऑक्टोबरात बंद केले. काही स्वयंसेवकांनी धावपळ करून जेवढे जमले तेवढे वाचवले; उरलेले नाहीसे झाले. पोस्टरस ही सेवा ट्विटरने विकत घेतल्यानंतर २०१३ साली बंद पडली. भारतात घरोघरी पोहोचलेल्या ऑर्कुटने २०१४ साली निरोप घेतला. पैसे देऊन वापरली जाणारी टाइपपॅड ही जुनी ब्लॉगसेवाही ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद झाली. यावरून दिसते की, मोठी कंपनी किंवा भरलेले शुल्क यांपैकी काहीही लेखनाच्या दीर्घायुष्याची हमी देत नाही.

म्हणून जागा निवडताना दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, पत्ता कोणाचा आहे. फुकट ब्लॉग उघडला की त्याच्या पत्त्याच्या शेवटी त्या कंपनीचे नाव असते. लेखन दुसरीकडे हलवले की पत्ता बदलतो आणि इतरांनी जपून ठेवलेले सारे दुवे निरुपयोगी होतात. सामाईक पत्त्याचा आणखी एक धोका २००६ च्या जुलै महिन्यात भारताने अनुभवला. मोजकीच पाने बंद करण्याचा सरकारी आदेश असताना अनेक इंटरनेट पुरवठादारांनी ब्लॉगस्पॉटसारखी संपूर्ण स्थळेच काही दिवस बंद करून टाकली. ज्यांचा त्या आदेशाशी काडीचा संबंध नव्हता, त्यांचेही लेखन वाचकांना दिसेनासे झाले. यावर उपाय म्हणजे स्वतःचे डोमेन, अर्थात स्वतःच्या नावाने नोंदवलेला पत्ता. त्याचा खर्च सामान्यतः वर्षाला हजार रुपयांच्या आसपास असतो. मात्र पहिल्या वर्षाची सवलत पाहून भुलू नये; नूतनीकरणाचा दर आधी विचारून घ्यावा. ब्लॉग दुसऱ्या कोणी उभारून दिला, तरी डोमेनची नोंदणी लेखकाच्याच नावावर आणि त्याच्याच ईमेलवर असावी.

दुसरी गोष्ट म्हणजे निर्यातीची सोय. सर्व लेख एका फाइलमध्ये उतरवून घेण्याची व्यवस्था असेल, तरच ती जागा विश्वासार्ह समजावी. ब्लॉगर आणि वर्डप्रेस या दोन्ही ठिकाणी ती आहे. ब्लॉगरवरील लेख वर्डप्रेसमध्ये नेण्याचे साधनही उपलब्ध आहे. येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. या फाइलमध्ये मजकूर येतो, छायाचित्रांचे मात्र बहुधा केवळ दुवे येतात. जुन्या वर्गाचे, दिंडीचे, स्नेहसंमेलनाचे छायाचित्र एकमेव असेल, तर त्याची मूळ प्रत घरी निराळी जपली पाहिजे.

आता प्रत्यक्ष पर्यायांकडे वळावे. ब्लॉगर ही सेवा १९९९ साली सुरू झाली आणि २००३ साली गूगलकडे गेली. ती विनाशुल्क आहे, शिकायला सोपी आहे आणि स्वतःचे डोमेन तिला जोडण्यासाठी वेगळे शुल्क लागत नाही. तिची मांडणी काहीशी जुनी वाटते. पण आठवणी लिहिणाऱ्याला तेवढी पुरेशी आहे. वर्डप्रेस या एकाच नावाने दोन वेगळ्या गोष्टी ओळखल्या जातात, आणि त्यामुळे अनेकांचा गोंधळ होतो. एक आहे २००३ साली मॅट मलेनवेग आणि माइक लिटल यांनी सिद्ध केलेली मुक्त संगणकप्रणाली. ती कोणालाही विनामूल्य वापरता येते. मात्र ती ठेवण्यासाठी सर्व्हरवर भाड्याने जागा घ्यावी लागते आणि अद्ययावतीकरण, सुरक्षा, प्रतिलिपी ही सारी जबाबदारी मालकाची असते. दुसरी आहे वर्डप्रेस डॉट कॉम ही तयार सेवा. तेथे ती जबाबदारी कंपनी उचलते. पण विनाशुल्क योजनेत जाहिराती दिसतात आणि स्वतःच्या डोमेनसाठी पैसे मोजावे लागतात. २०१२ साली सुरू झालेले मीडियम आणि २०१७ साली सुरू झालेले सबस्टॅक येथे लेखन देखणे दिसते. सबस्टॅकवरून तर लेख थेट वाचकाच्या ईमेलपेटीत पोहोचतो. तथापि मीडियमवरील काही लेख वर्गणी न भरणाऱ्या वाचकाला पूर्ण वाचता येत नाहीत, हे नातेवाइकांसाठी लिहिणाऱ्याने जाणून असावे. फेसबुकवर वाचक लवकर मिळतात. पण तीन वर्षांपूर्वीचा लेख शोधणे तेथे जिकिरीचे होते.

ज्यांच्या घरी तांत्रिक बाजू सांभाळणारे कोणी नाही, त्यांनी ब्लॉगर किंवा वर्डप्रेस डॉट कॉम येथे आरंभ करावा आणि शक्य तितक्या लवकर स्वतःचे डोमेन जोडावे. स्वतंत्र सर्व्हरचा मार्ग मोहक असला, तरी भाडे भरायचे राहिले की संपूर्ण संकेतस्थळ दिसेनासे होते. निवृत्त माणसाने तो ओढवून घेण्यात शहाणपण नाही.

मराठी लेखकाला आणखी काही चाचण्या घ्याव्या लागतात. १९९१ साली युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले. तरीही कित्येकांकडील जुने मजकूर श्रीलिपी, शिवाजी अशा जुन्या फॉन्टमध्ये अडकलेले आहेत. ते युनिकोडमध्ये रूपांतरित करून, डोळ्यांखालून घालून मगच ब्लॉगवर ठेवावेत. निवडलेल्या मांडणीत ‘दऱ्याखोऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘बाळ’ आणि ‘ॲ’ ही अक्षरे नीट उमटतात का, हे एका चाचणीलेखात पाहावे. संकेतस्थळाची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली, तर काही फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे दिसू लागतात. हिंदी प्रदेशात वाढलेल्या मुलांना ती वळणे पडद्यावर भेटणे, हेही एक शिक्षणच आहे. लेखाचे शीर्षक देवनागरीत दिले की ब्लॉगर त्याच्या पत्त्यात ‘ब्लॉग-पोस्ट’ एवढेच लिहितो. वर्डप्रेसचा पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवताना अनेकदा टक्केचिन्हांची लांबलचक माळ होते. म्हणून प्रत्येक लेखाच्या पत्त्यासाठी रोमन अक्षरांतील दोन-तीन सुटसुटीत शब्द लेखकाने स्वतः द्यावेत.

पालकांसाठी एक सूचना. शालेय मुलाने ब्लॉग लिहावा, हे स्वागतार्ह आहे. ब्लॉगरवर निवडक वाचकांपुरताच ब्लॉग खुला ठेवता येतो. वर्डप्रेस डॉट कॉमवरही खाजगी ब्लॉगची सोय आहे. आरंभीची वर्षे मुलाने आजी-आजोबा, मामा-मावशी यांच्यासाठीच लिहावे. घराचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक कोठेही येऊ देऊ नये.

सर्वांत नाजूक प्रश्न लेखकाच्या पश्चात काय, हा आहे. घर आणि ठेव यांना वारस नेमले जातात, ब्लॉगला क्वचितच. गूगलने २०२३ साली जाहीर केलेल्या धोरणानुसार दोन वर्षे वापरात नसलेले वैयक्तिक खाते हटवले जाऊ शकते. त्याच गूगलच्या खात्यात निष्क्रिय खात्याच्या व्यवस्थापनाची सोयही आहे : खाते ठरावीक काळ वापरले गेले नाही, तर त्यातील सामग्री कोणाकडे सोपवावी हे मालकाला आधीच नोंदवता येते. ही नोंद करायला काही मिनिटे लागतात. ती न झाल्यास साठ-सत्तर वर्षांच्या आठवणी एका विसरलेल्या पासवर्डमागे बंद होतात, आणि नातवंडांना आजोबा लिहीत होते एवढेच ठाऊक राहते. डोमेनचे नूतनीकरण कोणी करावे, हेही घरातील एका विश्वासू व्यक्तीला सांगून ठेवावे.

ब्लॉग निवडण्याची रीत अशी असू शकेल. दोन पसंतीच्या जागी एकेक छोटा लेख लिहावा. तो मोबाइलवर वाचून पाहावा. मग तेथील सर्व मजकूर उतरवून घेण्याचा प्रयत्न करावा. ज्या जागेने तो विनासायास परत दिला, ती जागा निवडावी. त्यानंतर वर्षातून एकदा, दिवाळीत वा नववर्षाच्या आरंभी, संपूर्ण ब्लॉगची प्रत उतरवून घरी ठेवावी आणि निवडक लेख कागदावर छापून त्यांचा एक संच शाळेच्या ग्रंथालयात द्यावा. या शाळेच्या साठ वर्षांचा इतिहास लिहू पाहणाऱ्या भावी विद्यार्थ्याला हजेरीपटात नावे मिळतील. त्या नावांमागची माणसे मात्र या लेखांतूनच भेटतील.

सर्व लिहित्या हातांना हीरक महोत्सवाच्या शुभेच्छा.