मातीची साक्ष

रात्रीच्या काळोखात एखादी मालमोटार दिवे मालवून निघाली, तर ती नजरेला पडणार नाही. परंतु आपले वजन काही तिला मालवता येत नाही. चाकांचा प्रत्येक धक्का जमिनीत उतरतो आणि पृष्ठभागालगत लहरींच्या रूपाने पसरत जातो. त्या टिपण्याचे यंत्र अगदी साधे आहे. स्प्रिंगवर तोललेली तारेची गुंडाळी आणि शेजारी लोहचुंबक, एवढाच त्याचा संसार. जमीन कंप पावली की गुंडाळीत क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो.

१९६७ च्या अखेरीपासून १९७३ पर्यंत अमेरिकेने लाओसमधील हो चि मिन्ह मार्गावर अशी यंत्रे विमानांतून टाकली. भाल्याप्रमाणे ती भूमीत रुतत. वर राही ती केवळ झुडपासारखी दिसणारी अँटेना. त्यांचे संदेश आकाशात घिरट्या घालणारी विमाने थायलंडमधील नाखोन फनोम येथील संगणकांकडे पोचवीत, आणि तेथून बाँबफेक्या विमानांना ठिकाण कळवले जाई.

काहीतरी चालले आहे, हे कळणे सोपे. काय चालले आहे, हे सांगणे कठीण. रणगाड्याच्या साखळपट्ट्याला ताल असतो. पट्ट्याची एकेक कडी १५ सेंटिमीटरची आणि वेग सेकंदाला ९ मीटर असला, तर भूमीवर सेकंदाला ६० ठोके पडतात. रबरी चाकांना असा ठाशीव ताल नाही. मग ओळख पटायला अडचण कोणती? अडचण मातीची. ती निरोप्याचे काम करते खरी, पण निरोप जसाच्या तसा पोचवीत नाही. भुसभुशीत जमीन वरचे स्वर गिळते, कठीण खडक ते दूर नेतो, पावसाने सारेच पालटते. शिवाय दूरचे अवजड वाहन आणि जवळचे हलके वाहन यांचा कंप सारख्याच जोराचा भरू शकतो. नोव्हेंबर २००१ मध्ये कॅलिफोर्नियातील ट्वेंटीनाइन पाम्स येथे साखळपट्ट्यांची उभयचर गाडी आणि चाकांची थोर मालमोटार यांवर प्रयोग झाले. तेथेही भूकंपनांवरून केलेली पारख ध्वनीवरून केलेल्या पारखीपेक्षा उणीच ठरली.

त्याच्या तीस वर्षे आधी, लाओसच्या रानात, याहून तोकड्या साधनांवर विसंबून बाँब पडत होते. नष्ट झाल्या म्हणून जाहीर केलेल्या मालमोटारींचे आकडे अमेरिकेच्या गुप्तचर खात्यालाही फुगवलेले वाटले. त्या देशावर पडलेल्या बाँबांपैकी न फुटलेले कित्येक आजही शेतकऱ्यांच्या कुदळीला लागतात.