लेथ थांबते तेव्हा

कवीला आकाशवाणीवर बोलावलं की पाऊस, माती, फार तर भाषा यांच्यावर बोलायला सांगतात. या वेळी ‘मंदी’ हा विषय मिळाला. मी अर्थशास्त्राचा माणूस नाही. बी.ए.ला हा विषय होता, पण त्यातलं आज काही आठवत नाही. मंदी मला ठाऊक आहे ती एका बँकेच्या कागदावर जामीन म्हणून सही केली म्हणून. त्या सहीचीच गोष्ट सांगतो.

आमचं गाव जऊळका, वाशीम जिल्ह्यातलं. अकोला ते पूर्णा या रेल्वेमार्गावर आमचं स्टेशन आहे, म्हणून लोक ‘जऊळका रेल्वे’ म्हणतात. अब्बा बैलगाडीच्या चाकांना धाव बसवायचे, वखराच्या पासी शेवटून द्यायचे. पुढे ट्रॅक्टर आले, गाड्या कमी झाल्या, तसं भाईजाननं वेल्डिंग टाकलं आणि एक जुनी लेथ घेतली. पंजाबातल्या बटाल्याची. बटाल्याच्या ओतकामाची लेथ म्हणजे वजनाला हत्ती आणि स्वभावाला गाय, असं भाईजान म्हणतो. पेरणी यंत्राचे फण, मळणी यंत्राचा शाफ्ट, पुली, बेअरिंगचं घर, अशी कामं तिच्यावर होतात. बारा कोसांत कुणाचं काही मोडलं की आमच्याकडे येतं.

भाईजानचा मुलगा आयटीआयचा टर्नर झाला आणि २००६ साली पुण्याजवळ भोसरीला गेला. भोसरी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मोठ्या रस्त्यावर मोठे कारखाने दिसतात, पण खरी भोसरी आतल्या गल्ल्यांत आहे. दहा बाय वीसचा गाळा, त्यात दोन-तीन मशीन, दाराशी लोखंडाच्या बराचा ढीग, कूलंटचा वास आणि भिंतीवर एखाद्या देवाची तसबीर किंवा मक्केचं चित्र. ट्रकमध्ये जे हजारो सुटे भाग असतात त्यातले कितीतरी अशा गाळ्यांत कातले जातात. ट्रकचा कारखाना मोठ्या पुरवठादाराला ऑर्डर देतो, तो मधल्याला, मधला लहान्याला. लहाना जॉबवर्क करतो. माल दुसऱ्याचा, ड्रॉइंग दुसऱ्याचं, आपले फक्त हात आणि मशीन. दर नगावर.

मी पहिल्यांदा मंदी हा शब्द घरात ऐकला तो २००८च्या दिवाळीनंतर. सप्टेंबरात अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली होती. ते मी पेपरात वाचलं आणि पान उलटलं. दोन महिन्यांत पुतण्याचा फोन, ‘चाचा, ओव्हरटाइम बंद झाला.’ नोव्हेंबरात टाटा मोटर्सने पुण्यातला व्यापारी वाहनांचा कारखाना काही दिवस बंद ठेवला. त्याला तिकडे ब्लॉक क्लोजर म्हणतात. मोठ्या कारखान्यात ब्लॉक क्लोजर सहा दिवसांचा असला तर गल्लीत तो सहा आठवड्यांचा होतो. हे असं का, ते मला पुतण्यानंच समजावलं. वरच्याची विक्री दहा टक्क्यांनी घटली की तो आधी गोदामातला माल संपवतो, नवी ऑर्डर देत नाही. त्याच्या खालचाही तेच करतो. ज्याच्याकडे गोदामच नाही, त्या शेवटच्या गाळ्यापर्यंत येईतो दहा टक्क्यांचे पन्नास झालेले असतात. उतरंडीतलं खालचं मडकं.

सरकारनं त्या डिसेंबरात अबकारी कर १४ टक्क्यांवरून १० वर आणला, फेब्रुवारी २००९मध्ये ८ वर. दीड कोटीच्या आत उलाढाल असलेल्या लहान कारखान्यांना हा कर तसाही माफ होता, म्हणजे ही सूट गाळेवाल्याच्या हातात थेट पडली नाही. पण गाड्या पुन्हा खपू लागल्या आणि २००९च्या उत्तरार्धात रात्रपाळ्या परतल्या. पुतण्याला वाटलं, मंदी म्हणजे सहा-आठ महिन्यांचा ताप. येतो, जातो. हा समज त्याला पुढे महाग पडला. मलाही.

२०१४ला त्यानं स्वतःचा भाड्याचा गाळा घेतला, दोन जुन्या लेथ टाकल्या. २०१८च्या मे महिन्यात सीएनसी मशीन घेतलं. ही संगणकावर चालणारी लेथ. एकदा आज्ञावली भरली की एकसारखे हजारो नग काढते. कर्ज तेरा लाखांचं, हप्ता २८,६००. भाईजानचा कर्जाला विरोध होता. अब्बांनी आयुष्यात सुदाचा पैसा घरात येऊ दिला नव्हता, दिलाही नव्हता. भाईजान म्हणाला, ‘जे अब्बांनी केलं नाही ते मी करणार नाही.’ पुतण्या म्हणाला, ‘अब्बाजानच्या काळात सीएनसी नव्हतं.’ दोघंही बरोबर होते, म्हणून भांडण मिटेना. शेवटी मी म्हणालो, मी जामीन राहतो. माझा पगार चालू होता. शिवाय कवीला एखाद्या कागदावर सही करायची संधी क्वचितच मिळते, तीही मानधनाच्या पावतीखेरीज.

हिशेब असा होता. ट्रकच्या स्प्रिंगमध्ये बसणारं एक बुश. नगाला सहा रुपये, महिन्याला चौदा हजार नग. म्हणजे चौऱ्याऐंशी हजार. त्यातून हप्ता, दोन ऑपरेटरचे अठ्ठावीस हजार, गाळ्याचं भाडं बारा, वीज नऊ. उरतात सहा हजार चारशे, तेही कटिंगचे इन्सर्ट फुटले नाहीत तर. घर चालायचं ते जुन्या दोन लेथवर. काठावरचं गणित होतं, पण गणित होतं.

मग काय झालं ते मी नंतर वाचून समजून घेतलं. जुलै २०१८मध्ये केंद्र सरकारनं ट्रकच्या आसावर चालणारा भार वाढवला. जुन्याच ट्रकमध्ये जास्त माल बसू लागला, मग नवा ट्रक कोण घेतो? सप्टेंबरात आयएलएफएस ही मोठी वित्तसंस्था देणी चुकवू शकली नाही आणि गाड्यांना कर्ज देणाऱ्या कंपन्यांचे हात आखडले. त्यात १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ इंजिनं सक्तीची होणार होती, म्हणून गिऱ्हाईक थांबून राहिलं. ऑगस्ट २०१९मध्ये देशातली प्रवासी वाहनांची विक्री आदल्या ऑगस्टपेक्षा ३१ टक्क्यांहून जास्त घसरली. १९९७-९८पासून ही नोंद ठेवतात, तेव्हापासून एवढी घट झाली नव्हती. ट्रकचंही तेच.

गाळ्यात याचा अर्थ असा झाला की चौदा हजारांचे पाच हजार नग झाले. आणि सहा रुपयांचे चार रुपये ऐंशी पैसे. कारण शेजारचाही रिकामा बसलेला असतो, तो कमी दर सांगतो. पाच हजार गुणिले चार ऐंशी, चोवीस हजार. हप्ताच २८,६००चा. माझ्या कवितेत यमक चुकलं तर फार तर समीक्षक बोलतो. इथे ते तसं चुकलं की फोन बँकेतून येतो.

पैसे अडकणं ही निराळी कथा. २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्यात पंचेचाळीस दिवसांच्या आत बिल चुकतं करायची तरतूद आहे. पुतण्याची बिलं तीन-तीन महिने पडून होती. मी म्हटलं, तक्रार कर. तो म्हणाला, ‘चाचा, तक्रार केली तर बिल मिळेल, पुढचा जॉब नाही मिळणार.’ अशा थकबाकीवर आता प्राप्तिकराचा चाप आहे. १ एप्रिल २०२४पासून सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बिलं मुदतीत न देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षीच्या हिशेबात दाखवता येत नाही. चांगलं झालं. पण ज्याला जॉब हवा त्याच्या तोंडावरची पट्टी त्यानं सुटते की नाही, ते गाळेवालेच सांगू शकतील.

मार्च २०२०मध्ये टाळेबंदी आली. एक ऑपरेटर बिहारचा होता, तो निघून गेला. दुसरा आपल्याच पुसद भागातला, त्याला पुतण्यानं जूनपर्यंत अर्धा पगार दिला. ऑगस्टपर्यंत हप्ते पुढे ढकलायची सवलत मिळाली, पण हप्ते थांबले तरी व्याज थांबलं नाही. मशीन बंद असूनही विजेचा स्थिर आकार येतच होता. त्या दिवसांत तो रोज गाळ्यात जाऊन मशीनला तेल द्यायचा आणि बसून राहायचा, असं सुनेनं भाभीला सांगितलं. आम्हाला त्यानं यातलं काही सांगितलं नाही.

जानेवारी २०२१मध्ये त्यानं सीएनसी विकलं. सव्वाआठ लाख आले. बँकेचं देणं दहा लाख पंच्याऐंशी हजारांवर गेलं होतं. उरलेल्या दोन लाख साठ हजारांसाठी एक पत्र माझ्या नावानं शाळेच्या पत्त्यावर आलं. शिपायानं ते सगळ्या शिक्षकांसमोर हातात दिलं. मी ते खिशात घातलं आणि तास घ्यायला गेलो. २०२३पर्यंत मी ते फेडलं. घरी हा विषय कुणी काढत नाही. ज्यानं मशीन घेतलं त्याला त्याच वर्षी भरपूर काम मिळालं. पुतण्या आणखी सहा महिने तग धरू शकला असता तर! पण सहा महिने म्हणजे त्याच्या भाषेत १,७१,६०० रुपये.

तो एक जुनी लेथ ट्रकवर घालून जऊळक्याला आला. त्या वर्षी ऑगस्टमध्ये सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेलं होतं. भाव होता तेव्हा बहुतेकांच्या घरात माल नव्हता, तरी पुढच्या हंगामातही भाव बरा राहिला. कास्तकारांनी मळणी यंत्रं काढली, रोटाव्हेटर दुरुस्त करून घेतले. दोन्ही लेथ चालत होत्या. भाईजान मला म्हणाला, ‘बघ, घर सोडून जायचं कारणच नव्हतं.’ मी गप्प राहिलो.

कारण तोवर मला कळलं होतं, की भोसरीत लेथचा मालक ट्रकवर अवलंबून असतो, तसा इथे सोयाबीनवर. २०२३-२४पासून भाव खाली आला. २०२४च्या हंगामात हमीभाव ४,८९२ होता आणि बाजार समितीत त्याहून पाच-सातशे कमीनं माल जात होता. शेतकऱ्याचा भाव पडला की तो आधी काय थांबवतो? नवं यंत्र. मग दुरुस्ती. मग झिजलेल्या बेअरिंगवरच एक हंगाम काढतो. आणि दुरुस्ती केलीच तर, ‘मिस्तरी, यंदा भागवून घ्या. सोयाबीन इकलं का पयले तुमचेच पैसे.’ पण सोयाबीन विकलं की आधी कृषी केंद्रवाला उभा असतो. भाईजानच्या वहीत मागच्या दिवाळीला एक लाख बारा हजारांची उधारी होती.

माझं अक्षर बरं आहे, म्हणून पुतण्यानं मला पाटी रंगवायला लावली, ‘उधारी बंद आहे’. माझ्या कवितांचं पुस्तक गावात पन्नास जणांनी वाचलं असेल. ही पाटी सगळ्यांनी वाचली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पाऊस येऊन गेलेला, वाफसा झालेला. एक म्हातारा कास्तकार पेरणी यंत्राचा मोडका शाफ्ट खांद्यावर घेऊन आला. पाटीकडे पाहिलं, पुतण्याकडे पाहिलं. म्हणाला, ‘बाप्पा, पाटी वाचली म्या. पन वाफसा दोनच दिस राह्यते.’

पुतण्यानं शाफ्ट घेतला, चकात धरला आणि मशीन चालू केलं. भाईजाननं वही काढली. साडेतीनशे रुपये. अजून वहीतच आहेत.