म्हाताऱ्या इंजिनाचा दम
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाट्यसंगीत आणि मराठ्यांचा इतिहास या विषयांवर विद्वानांची भाषणे झाल्यावर मोटारीच्या इंजिनाविषयी बोलण्यास उभे राहणे हे धारिष्ट्याचेच काम आहे. कार्यवाहांना मी तसे सांगूनही पाहिले. त्यावर ते म्हणाले, “आपल्या सभासदांपैकी निम्म्यांनी ॲम्बॅसिडर चालवली आहे आणि उरलेल्यांनी ती ढकलली आहे. तेव्हा श्रोते मिळतील.” त्यांच्या शब्दावर विसंबून मी आलो आहे.

माझा विषय ॲम्बॅसिडर नसून तिची एक देखणी बहीण आहे. इंग्लंडात ॲबिंग्डन येथे एम.जी. मोटारींचा कारखाना होता. तो १९८० साली बंद झाला. तेथे १९५५ ते १९६२ या काळात ‘एम.जी.ए.’ नावाची दोन आसनांची, उघड्या छताची स्पोर्ट्‌स मोटार तयार होत असे. एक लाखाहून अधिक मोटारी झाल्या आणि बहुतेक सर्व परदेशी गेल्या. अशीच एक मोटार, प्रारंभीच्या १४८९ घनसेंटिमीटर इंजिनाची, आमच्या शेजारच्या डॉक्टरबाबूंच्या वडिलांनी चहामळ्याच्या एका साहेबाकडून विकत घेतली होती. वडील गेल्यानंतर ती गॅरेजमध्ये आच्छादनाखाली उभी राहिली. पुढे डॉक्टरबाबूंनी ती माझ्या स्वाधीन केली, ती मी यंत्र-अभियंता आहे एवढ्याच विश्वासावर. या विश्वासाचे मी काय केले, तेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम त्या बहिणींच्या नात्याविषयी. उत्तरपाड्याच्या कारखान्यात २०१४ पर्यंत ॲम्बॅसिडर तयार होत होती. तिच्यात पुढे जे वरच्या झडपांचे पेट्रोल इंजिन आले, ते आणि एम.जी.ए.चे इंजिन एकाच कुळातले. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनची ‘बी’ मालिका ती हीच. सिलिंडरचा व्यास तोच, ७३ मिलिमीटर. दट्ट्याची धाव तीच, ८८.९ मिलिमीटर. असे असून ॲम्बॅसिडरची शक्ती सुमारे ५० अश्वशक्ती, आणि तीही मिनिटाला ४२०० फेऱ्यांवर, एम.जी.ए.ची मात्र ५५०० फेऱ्यांवर ७२. ही वाढ शेकडा ४४ झाली. ती कोठून आली?

येथे थोडे गणित सहन करावे. शक्ती म्हणजे प्रत्येक फेऱ्यातला पीळ गुणिले फेऱ्यांची संख्या. भागाकार करून पाहिला तर एका फेऱ्यातला पीळ एम.जी.ए.मध्ये जेमतेम दहा टक्क्यांनी अधिक भरतो. बाकीची सारी वाढ फेऱ्या वाढल्यामुळे आहे. म्हणजे ही धाकटी बहीण फारशी बलवान नाही, तिचा दम मोठा आहे. वेग वाढला तरी तिचा श्वास कोंडत नाही. तिला एकाच्या जागी दोन कार्बुरेटर आहेत. इंजिनाची शक्ती वाढवणे म्हणजे मुख्यतः त्याचा श्वास मोकळा करणे, हे तत्त्व मला पुस्तकातून ठाऊक होते. तरीही मी सुरुवात भलत्याच टोकापासून केली.

इंजिन श्वास किती घेते? ५५०० फेऱ्यांवर हे लहानसे यंत्र, सिलिंडर दर वेळी पूर्ण भरले असे धरले तर, मिनिटाला चार हजारांवर लिटर हवा ओढील. प्रत्यक्षात तितकी शिरत नाही. वाटेत अडथळे फार. आणि या कुळातल्या इंजिनांना जन्मतःच एक व्यंग आहे. चार सिलिंडरांना आत येण्याची दारे दोनच, आणि मधल्या दोघांना धूर बाहेर टाकण्यासाठी सामाईक एकच. चाळीतल्या नळासारखी ही व्यवस्था आहे. एकाने पाणी भरावयास घेतले की शेजाऱ्याच्या नळाची धार बारीक होते. हॅरी वेस्लेक नावाच्या कुशल तंत्रज्ञाने या हेडमधील ज्वलनकोठीला बदामी आकार देऊन वायूला वळण लावले, म्हणून ही इंजिने इतकी तरी धावली.

१९८६ साली मला हे ठाऊक असूनही मोह पडला तो दाब वाढवण्याचा. दट्ट्या खाली असताना सिलिंडरात जेवढी जागा असते, ती दट्ट्या वर आल्यावर कितव्या हिश्शाने उरते, यावर दाबाचे प्रमाण ठरते. एम.जी.ए.चे ते ८.३ होते. ते ९.२ करावे असे मी ठरवले. हिशेब सोपा आहे. एका सिलिंडरातील दट्ट्याची धाव ३७२ घनसेंटिमीटरची; वर उरणारी जागा ५१. ती ४५ च्या थोडी वर आणावयाची, म्हणजे साडेपाच घनसेंटिमीटरने कमी करावयाची. भगिनींना सांगतो, हा एक चहाचा चमचा झाला. हेडचा तळ यंत्रावर घासून पातळ केला की तेवढा चमचा वजा होतो.

मी हेड घासून आणले. मूळ जागा मात्र मोजली नाही. ती मोजण्याची रीत अगदी साधी आहे. हेड उलटे ठेवावे, कोठीवर भोक पाडलेली काच बसवावी आणि ब्युरेटने केरोसीन सोडून किती मावते ते पाहावे. गॅस्केटची जाडी आणि दट्ट्याच्या माथ्याचा खळगा हिशेबात धरावा. शाळकरी मुलाने करावा असा हा अर्ध्या तासाचा प्रयोग मी टाळला, कारण पुस्तकात आकडा छापलेला होता. साहेबाच्या काळात कोणीतरी ते हेड एकदा घासून घेतलेले होते, हे पुस्तकाला कसे ठाऊक असावे?

शिवाय ते पुस्तक इंग्लंडातले. त्यात गृहीत धरलेले पेट्रोल ९७ ऑक्टेनचे. आपल्या पंपावर त्या वेळी मिळे ते ८७ चे. ठिणगीची वेळही मी त्याच पुस्तकाप्रमाणे पुढे घेतली.

मे महिन्यातल्या एका रविवारी डॉक्टरबाबूंना शेजारी बसवून मी ग्रँड ट्रंक रोडने बर्दवानला निघालो. उत्तरपाडा, श्रीरामपूर, चंदननगर मागे पडले. गाडी खरोखरच झपाट्याने चालली होती आणि मी फार बोलत होतो. पांडुआच्या पुढे चढाच्या वेळी बाटलीत गोट्या हलवाव्यात तसा आवाज इंजिनातून येऊ लागला. ठिणगीने लावलेली ज्योत पोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप पेटते, त्याचा हा नाद. तो ऐकताच पाय उचलावयाचा असतो. मी उचलला नाही; समोर मोकळा रस्ता होता. मेमारीच्या अलीकडे एक धक्का बसला, मागे निळा धूर दाटला आणि गाडी तीन सिलिंडरांवर लंगडू लागली. १७४२ साली मराठ्यांनी ज्या बर्दवानवर स्वारी केली, तेथपर्यंत मी पोहोचूही शकलो नाही.

डॉक्टरबाबू एक शब्द बोलले नाहीत. रस्त्याच्या कडेला बसून त्यांनी दोन मातीच्या भांड्यांत चहा मागवला आणि एक माझ्या हाती दिले. थोड्या वेळाने एवढेच म्हणाले, “बाबा हिला रोज संध्याकाळी स्वतः पुसत असत.” त्यांनी रागावून चार शब्द सुनावले असते तर मला बरे वाटले असते. दोराने ओढून घरी आणले ते एका ॲम्बॅसिडर टॅक्सीने.

इंजिन उघडले. तिसऱ्या दट्ट्याच्या माथ्याला बोटाच्या पेराएवढे भोक होते. मग मी ब्युरेट घेऊन बसलो. वर उरलेली जागा भरली ४१ घनसेंटिमीटर. दाबाचे प्रमाण ९.२ नव्हे, १० च्या वर गेले होते. त्या रात्री कागदावर आणखी एक हिशेब केला, तो आधीच करावयास हवा होता. दाब ८.३ वरून ९.२ केला तर शास्त्राप्रमाणे कार्यक्षमता वाढते ती अवघी तीन टक्के. दहावर नेला तरी पाच-साडेपाच. एवढ्यासाठी मी दुसऱ्याच्या वडिलांची गाडी जाळली होती.

समाधान एकच, की ॲबिंग्डनच्या तज्ज्ञांचेही दट्टे जळाले होते. १९५८ साली त्यांनी याच गाडीत दोन कॅमशाफ्टचे, १०८ अश्वशक्तीचे इंजिन बसवले आणि दाब ठेवला ९.९. दट्ट्यांना भोके पडू लागली, ग्राहक ओरडू लागले. दुसऱ्या वर्षी दाब ८.३ वर उतरवावा लागला. तोवर नाव इतके बदनाम झाले होते की २,१११ गाड्यांनंतर ते प्रकरण मिटवले गेले. आज तीच गाडी संग्राहक शोधत फिरतात, हा भाग वेगळा.

नवे दट्टे इंग्लंडातून येण्यास आणि पैसे जमण्यास दीड वर्ष लागले. ॲम्बॅसिडरचे बसवा, व्यास तोच आहे, असे अनेकांनी सुचवले. पण व्यास जुळला म्हणजे माथ्याचा आकार आणि पिनेपासूनची उंचीही जुळते असे नाही. एकदा न मोजण्याची शिक्षा मी भोगली होती. ती दोन वर्षे जानेवारीतल्या स्टेट्समनच्या जुन्या मोटारींच्या रॅलीत आमची गाडी नव्हती. डॉक्टरबाबू मात्र प्रेक्षक म्हणून जात आणि मलाही बोलावून नेत.

या वेळी जुळणीसाठी मी एका वृद्ध मिस्त्रीदादांना विनंती केली. त्यांनी हत्यार हाती घेण्यापूर्वी मला आसनावर बसवले, पॅडल तळाशी दाबावयास सांगितले आणि स्वतः बॉनेटमध्ये वाकून पाहिले. कार्बुरेटरची झडप तीन-चतुर्थांशच उघडत होती. केबल सैल होती आणि पॅडलखाली जाड गालिचा. शक्ती कमी म्हणून मी जिचे हेड घासले, तिला पूर्ण श्वास घेण्याची मुभाच कधी मिळाली नव्हती. मिस्त्रीदादा हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

त्यानंतरचे सारे काम त्यांच्या क्रमाने झाले. झडपांची फट, प्लग, ठिणगीच्या वितरकातील झिजलेले स्प्रिंग आणि मग एस.यू. कार्बुरेटर. हे यंत्र मला फार आवडते. इंजिन जितकी हवा ओढील तितका त्यातला दट्ट्या आपणहून वर उचलला जातो आणि त्याला जोडलेली निमुळती सुई जेटमधून सरकून तेवढेच पेट्रोल सोडते. ते नीट लागले की नाही हे पाहण्यास दट्ट्या किंचित उचलावा. इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त. वेग पडला तर कमी. क्षणभर वाढून स्थिरावला तर बरोबर. दोन्ही कार्बुरेटर सारखी हवा ओढतात का, हे रबरी नळीचे एक टोक कानाला व दुसरे तोंडाशी धरून सुसकाऱ्यावरून ठरवतात. माझे कान तोवर जड झाले होते. हे काम डॉक्टरबाबूंच्या बारा वर्षांच्या मुलीने केले. ती गाणे शिकत होती. दोन सुसकाऱ्यांतला स्वराचा फरक तिला ताबडतोब कळे.

हेडमध्ये काय केले? आत येणाऱ्या मार्गाला आरशासारखी चकाकी देण्याचा अनेकांना सोस असतो. तिचा उपयोग थोडा. झडपेच्या बैठकीचे कोन आणि तिच्या मागचा गळा एवढेच मन लावून केले, कारण हवा अडते ती तेथे. घासलेले हेड फिरून जाड होत नाही, म्हणून जाड गॅस्केट आणि खोल माथ्याचे दट्टे घालून दाब ८.५ च्या आसपास आणला. ब्युरेटने, चारही कोठ्या, दोनदा मोजून. आणि हवा घेण्याचे तोंड रेडिएटरच्या मागच्या भट्टीतून हलवून बाहेर आणले. ३५ अंशांच्या हवेऐवजी ६० अंशांची हवा घेतली तर तिची घनता साडेसात टक्क्यांनी कमी होते. म्हणजे हात दोन हात लांबीच्या एका नळीने दाबापेक्षा अधिक दिले, आणि कशालाही भोक न पाडता.

मोजमापासाठी आमच्याकडे शक्तिमापक नव्हता. एकाच सपाट रस्त्यावर, चौथ्या गिअरमध्ये, ताशी ५० वरून ८० किलोमीटरला किती सेकंद लागतात ते जाताना आणि येताना मोजून सरासरी काढली. दोन सेकंदांहून थोडे अधिक कमी झाले. ती सरासरी डॉक्टरबाबूंनी आपल्या औषधाच्या चिठ्ठीवर लिहून ठेवली.

पुढची कामे काळाने लादली. २००० साली शिशाचे पेट्रोल बंद झाले. ते शिसे झडपांच्या बैठकींचे रक्षण करीत असे. तेव्हा हेडमध्ये कठीण धातूच्या बैठका बसवल्या. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल येते. त्याला जळण्यास हवा कमी लागते, म्हणून जुन्या सुईने मिश्रण पातळ पडते आणि पातळ मिश्रण पुन्हा दट्ट्यावर उठते. सुई बदलली, नळ्या आणि वॉशर बदलले. ज्यांच्या घरी अशी जुनी गाडी असेल त्यांनी हे दुर्लक्षू नये.

डॉक्टरबाबू २००९ साली गेले. गाडी आता त्यांच्या मुलीकडे असते. कार्बुरेटर अजून तीच जुळवते, रबरी नळी लावून. आज ती गाडी घेऊन आली आहे. सभागृहाच्या मागच्या फाटकाशी उभी आहे. भाषण संपताच ज्यांना इंजिन ऐकावयाचे असेल त्यांनी यावे. आसने दोनच आहेत, तेव्हा एका वेळी एकच जण, आणि मुलांना आधी.